नव्या इमारतीपर्यंत पाणी, वीज आणि गटार कोण आणते? कोल्हापूरच्या रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात फ्लॅट घेणारे, सोसायटीचे पदाधिकारी आणि लहान प्रमाणावर बांधकाम करणारे व्यावसायिक यांच्याकडून महापालिका, सेवा कंपन्या आणि विकसक यांच्यातील कामाच्या वाटणीविषयी जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. यातील बहुतेक अडचणी कायद्यात तरतूद नसल्यामुळे येत नाहीत. तीन कार्यालयांनी तीन वेगवेगळ्या वेळी, एकमेकांचे नकाशे न पाहता काम केल्यामुळे त्या उद्भवतात. त्यामुळे ‘कोणी करायचे’ या प्रश्नाइतकेच ‘कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या कागदावर’ हे प्रश्नही महत्त्वाचे आहेत आणि उत्तरांचा भर त्यांवरच आहे.

१. नव्या इमारतीला पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची असते?

ही जबाबदारी एकाची नसते, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ नुसार सार्वजनिक पाणीपुरवठा, गटारे, रस्ते आणि रस्त्यावरचे दिवे ही महापालिकेची कर्तव्ये आहेत. विजेच्या बाबतीत विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ४३ नुसार मालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यावर पुरवठा करणे हे वितरण परवानाधारकाचे, म्हणजे आपल्याकडे महावितरणचे, कर्तव्य आहे. भूखंडाच्या हद्दीच्या आतले रस्ते, गटारे, टाक्या, अंतर्गत वायरिंग आणि मंजूर रेखांकनात दाखवलेल्या इतर सोयी विकसकाने करायच्या असतात.

कागदावर ही वाटणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात वाद होतो तो हद्दीच्या रेषेवर, म्हणजे मुख्य जलवाहिनी कोपऱ्यापर्यंत आली आहे पण इमारत तेथून दोनशे मीटर आत आहे, अशा ठिकाणी. त्या दोनशे मीटरच्या खर्चाचा निर्णय परवानगीच्या वेळी लेखी झाला नसेल, तर तो शेवटी फ्लॅटधारकांच्या वर्गणीतून होतो.

२. जागा महापालिकेच्या हद्दीत आहे की प्राधिकरणाच्या, याने काय फरक पडतो?

फार मोठा फरक पडतो आणि जाहिरातीत ‘कोल्हापूर’ असे लिहिलेले असते म्हणून तो लक्षात येत नाही. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची आहे आणि तिची महानगरपालिका १९७२ मध्ये झाली. त्यानंतर शहर चारही दिशांनी पसरले, परंतु हद्द सुमारे ६६.८२ चौरस किलोमीटरवरच राहिली. हद्दवाढीचा वाद अनेक वर्षे चालल्यानंतर २०१७ मध्ये शहराभोवतीच्या ४२ गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन करण्यात आले.

पाचगाव, मोरेवाडी, उचगाव किंवा उजळाईवाडी अशा भागांत घर पाहत असाल, तर तेथे बांधकाम परवानगी एका संस्थेची आणि रोजच्या सेवा दुसऱ्यांच्या अशी स्थिती असते. प्राधिकरण नकाशा मंजूर करते, परंतु नळाला पाणी सोडणारी ती यंत्रणा नव्हे. पाणी ग्रामपंचायतीच्या किंवा प्रादेशिक नळपाणी योजनेतून येते, कचरा ग्रामपंचायत उचलते आणि बंदिस्त भुयारी गटार बहुतेक ठिकाणी नसतेच. शहराच्या हद्दीत निदान नगररचना, पाणीपुरवठा आणि ड्रेनेज हे विभाग एकाच आयुक्तांच्या अखत्यारीत आहेत. हद्दीबाहेर मात्र परवानगी देणारी आणि सेवा देणारी संस्था यांच्यात कोणतेही प्रशासकीय नाते नसू शकते. म्हणून तेथे विकसकाकडून ‘पाण्याची सोय होईल’ असे आश्वासन न घेता, पाणी देणाऱ्या संस्थेचे पत्र मागावे आणि त्या पत्रात किती घरांसाठी, किती व्यासाची जोडणी व कोणत्या योजनेतून, हे लिहिले आहे का ते पाहावे.

महावितरणला या हद्दींशी फारसे कर्तव्य नसते. त्यांची विभागणी उपविभाग, शाखा कार्यालय आणि फीडर (उपकेंद्रातून निघणारी मुख्य वीजवाहिनी) अशी असते. शेजारच्या दोन इमारती एक शहरात आणि एक गावात असूनही एकाच फीडरवर असू शकतात.

३. सेवा कंपन्यांना कोणत्या टप्प्यावर सामील करून घ्यावे?

रेखांकन मंजुरीला जाण्याच्या आधी. आजची रूढ पद्धत याच्या उलट आहे. नकाशा मंजूर होतो, जोत्याची, म्हणजे पायावरच्या चौथऱ्याची, तपासणी होते, मजले चढतात आणि रंगकाम सुरू असताना कोणाला तरी आठवते की रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, जागा ठेवलेली नाही. त्या वेळी उरलेली एकमेव मोकळी जागा म्हणजे मुलांच्या खेळण्याचा कोपरा किंवा दुचाकींचे पार्किंग.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली परवानगीचा अर्ज होतो आणि कलम ४५ खाली तो मंजूर किंवा नामंजूर होतो. साठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाल्याचे मानण्याची तरतूदही त्यातच आहे, परंतु ती नियमांत बसणाऱ्या प्रस्तावालाच लागू पडते आणि तिच्या भरवशावर खोदाई सुरू करणे शहाणपणाचे नाही. या साठ दिवसांच्या मुदतीत छाननी होते ती मुख्यतः चटई क्षेत्र, सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), उंची आणि रस्त्याची रुंदी यांची. पाणी, वीज आणि सांडपाण्याच्या वाहिन्या कोठून येतील याचा एकत्रित नकाशा अर्जासोबत जोडण्याची सवय विकसकाच्या वास्तुविशारदाने स्वतःहून लावून घेतली, तर पुढचा निम्मा पत्रव्यवहार वाचतो.

आमच्या मते सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे संयुक्त पाहणी. पाणीपुरवठा विभागाचा कनिष्ठ अभियंता, महावितरणच्या शाखेचा अभियंता आणि विकसकाचा साइट इंजिनिअर असे तिघे एकदा जागेवर उभे राहिले आणि पंचनाम्यासारखे दोन पानांचे टिपण सह्यांसह तयार झाले, तर त्याला खर्च जवळजवळ नसतो. पुढे तिघांपैकी कोणाची बदली झाली तरी ते टिपण फाईलमध्ये राहते.

४. इमारतीच्या जागेत रोहित्रासाठी जागा देणे बंधनकारक आहे का?

राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली आणि ती कोल्हापूरलाही लागू आहे. वीज कंपनीला आवश्यक वाटल्यास २,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावर एका रोहित्रापुरती ५ मीटर बाय ५ मीटर जागा आणि २ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात उपकेंद्रासाठी योग्य जागा ठेवण्याची तरतूद तिच्यात आहे. लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात ते रोहित्र मुख्य इमारतीपासून पुरेसे दूर आणि दुरुस्तीची गाडी पोहोचेल अशा बाजूला असावे. मागच्या भिंतीला चिकटलेला डीपी नकाशावर सोयीचा वाटतो, पण पावसाळ्यात रात्री दोन वाजता तेथे शिडी लावायची वेळ वायरमनवर येते.

जुन्या पेठांमध्ये अडचण वेगळी आहे. राजारामपुरीसारख्या आखून वसवलेल्या, क्रमांकाच्या गल्ल्यांच्या भागात रस्त्याकडेला वाहिन्यांसाठी थोडीतरी जागा मिळते. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतील बोळांत एका वाड्याच्या जागी पाच मजली इमारत उभी राहते तेव्हा विजेची मागणी कैक पटींनी वाढते, पण बोळ तेवढाच राहतो. अशा पुनर्विकासात दोन-तीन शेजारच्या मालकांनी मिळून एका रोहित्राला जागा देण्याचा करार केला, तर तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे धडपड करण्यापेक्षा सर्वांच्या हिताचा असतो.

५. विजेच्या पायाभूत कामाचा खर्च कोणी करायचा?

मोठ्या प्रकल्पात बहुधा दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात महावितरण अंदाजपत्रक काढते, अर्जदार रक्कम भरतो आणि काम कंपनी करते. दुसऱ्या मार्गात विकसक स्वतः परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेतो आणि कंपनीला अंदाजित खर्चाच्या १.३ टक्के पर्यवेक्षण शुल्क भरतो. काम पूर्ण झाल्यावर तपासणी होऊन ती यंत्रणा देखभालीसाठी कंपनीकडे जाते. दुसरा मार्ग वेगवान असतो, म्हणून विकसक तो पसंत करतात.

फ्लॅट घेणाऱ्याने येथे एकच गोष्ट पाहावी. हा खर्च फ्लॅटच्या किमतीत धरला आहे, की ‘एमएसईबी चार्जेस’ या जुन्याच नावाने स्वतंत्रपणे मागितला जात आहे? स्वतंत्र मागणी असल्यास मंजुरीपत्राची आणि भरलेल्या पावतीची प्रत मागणे रास्त आहे.

६. नवीन वीजजोडणी किती दिवसांत मिळायला हवी?

केंद्र सरकारच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, परिपूर्ण अर्जानंतर महानगरांत ३, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस अशी कमाल मुदत आहे. मात्र नवीन वाहिनी टाकावी लागणार असेल किंवा रोहित्र बसवावे लागणार असेल, तर ही मुदत तशीच्या तशी लागू होत नाही. ‘परिपूर्ण अर्ज’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्यास योग्य असल्याचा परवानगी देणाऱ्या संस्थेचा दाखला) किंवा मालकीचा पुरावा अपुरा असेल, तर घड्याळ सुरूच झालेले नसते.

७. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन आली, तरी नव्या इमारतींना टँकर का लागतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागची नाराजीही समजण्यासारखी आहे. दूधगंगा नदीवरील काळम्मावाडी धरणातून पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत सुमारे ५३ किलोमीटरची जलवाहिनी टाकण्याचे काम अनेक वर्षे रेंगाळले आणि अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये, ऐन दिवाळीत, पाणी शहरात पोहोचले. त्याआधी शहर मुख्यतः शिंगणापूर आणि बालिंगा येथील उपशावर अवलंबून होते. परंतु पुईखडीला पाणी येणे आणि आपल्या तिसऱ्या मजल्याच्या टाकीत पाणी येणे यांच्यामध्ये वितरणाची मोठी साखळी आहे. उंच टाक्या, गुरुत्ववाहिन्या, जुन्या अरुंद वाहिन्या, झडपा आणि गळत्या यांतून ती जाते. मुख्य स्रोत मोठा झाला, तरी शेवटची वाहिनी चार इंचीच असेल तर नळाला दाब मिळत नाही.

नव्या इमारतीचा भार किती पडतो याचा हिशेब सोपा आहे. दरडोई १३५ लिटर हा नागरी पाणीपुरवठ्याचा प्रचलित निकष धरला आणि एका घरात पाच माणसे धरली, तर ४० फ्लॅटच्या इमारतीला दिवसाला २७,००० लिटर पाणी लागते. पूर्वी त्या जागेवर एक बंगला असेल, तर त्याची गरज ६७५ लिटर होती. एकाच गल्लीत अशा पाच इमारती झाल्या म्हणजे रोज १,३५,००० लिटरची मागणी त्याच वाहिनीवर येते. हा आकडा परवानगीच्या फाईलमध्ये पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावरून गेला पाहिजे. अनेकदा तो जात नाही, किंवा ‘उपलब्धतेनुसार पाणी देण्यात येईल’ या एका ओळीवर सुटतो. त्या ओळीचा व्यवहारातील अर्थ ‘बोअर मारा’ असा होतो.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. पाणी उपसणारे पंप विजेवर चालतात. उपसा केंद्राचा वीजपुरवठा खंडित झाला किंवा दाब कमी झाला, की त्याचे परिणाम काही तासांनी शहराच्या नळांवर दिसतात. पाणीपुरवठा विभाग आणि वीज कंपनी यांच्यातील देखभालीचे वेळापत्रक जुळवणे हा समन्वयाचा सर्वांत कंटाळवाणा, पण शहराच्या रोजच्या जगण्याला सर्वांत जवळचा भाग आहे. सोमवारी महापालिकेने आणि मंगळवारी वीज कंपनीने दुरुस्तीसाठी बंद ठेवले, तर शहर दोन दिवस कोरडे राहते. दोघांनी एकच दिवस ठरवला, तर एका दिवसात भागते.

८. पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती कोणाला आहे?

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील बांधकामाला पर्जन्यजल संचयनाची व्यवस्था करावी लागते. ती व्यवस्था पूर्ण झाल्याचे भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी पाहिले जाते. त्यानंतर ती कोणी पाहत नाही, हेही खरे आहे. सोसायटीने दर वर्षी मेअखेर गाळणीची जाळी साफ केली नाही, तर ती यंत्रणा दोन पावसाळ्यांत निकामी होते.

९. सांडपाण्याचे काय? जवळून भुयारी गटार जात नसेल तर?

शहरात कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. जेथे भुयारी गटाराचे जाळे पोहोचलेले नाही, तेथील सांडपाणी ओढ्यांत आणि जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पंचगंगेकडे वाहते. ते प्रक्रिया केंद्राकडे वळवण्यासाठी नाल्यांवर अडवणूक आणि उपसा केला जातो. नदीच्या प्रदूषणावर कोल्हापुरात वर्षानुवर्षे चर्चा होते, पण त्या प्रदूषणाची सुरुवात अनेकदा आपल्याच इमारतीच्या सेप्टिक टँकच्या ओसंडणाऱ्या पाइपपासून होते.

जाळे जवळ असेल, तर ड्रेनेज विभागाकडून जोडणीची परवानगी घ्यावी आणि जोडणीच्या चेंबरची पातळी आधी मोजून घ्यावी. इमारतीचे चेंबर रस्त्यातील चेंबरपेक्षा खोल झाले, तर पाणी चढणार नाही, ही गोष्ट अभियंत्यांना सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी लागते. त्या मंजुरीत स्वतःचे प्रक्रिया केंद्र उभारण्याची अट असते, आणि ते केंद्र चालवण्याचा मासिक खर्च ताबा मिळाल्यानंतर रहिवाशांवर येतो. फ्लॅट घेतानाच त्याबद्दल विचारावे.

१०. नवा रस्ता झाला की आठ दिवसांत तो का खोदला जातो?

कारण रस्त्याच्या कामाचा आदेश एका फाईलवर निघतो आणि खोदाईचा परवाना दुसऱ्या. मूळ कारण इतके साधे आहे, पण त्याच्या मागे पैशाचे चक्र आहे. रस्त्यांचा निधी बहुधा आर्थिक वर्षाच्या शेवटी खर्च करायची घाई असते, म्हणून मार्चपूर्वी डांबरीकरण होते. गॅस किंवा फायबर कंपनीचे उद्दिष्ट पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याचे असते, म्हणून तिचा अर्ज एप्रिल-मेमध्ये येतो. विकसकाला ताबा द्यायचा असतो, म्हणून त्याला नळजोडणी त्याच महिन्यांत हवी असते. अशा रीतीने तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात आणि रस्ता मात्र जूनमध्ये चिखलाचा होतो. या पानाच्या लेखकाच्या स्वतःच्या गल्लीत काँक्रीटचा रस्ता झाल्यानंतर दोन वेळा चर मारले गेले. त्यातला दुसरा चर मुरूम टाकून बुजवला आणि डांबर टाकायचे राहिले ते राहिलेच. कंपनी म्हणते पैसे भरलेत, ठेकेदार म्हणतो आदेश नाही.

नियम असा आहे की रस्ता खोदण्यासाठी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते, रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क आगाऊ भरावे लागते आणि काही वेळा अनामत ठेवावी लागते. वीज कंपनीला कायद्याने रस्ता उकरण्याचे अधिकार दिले आहेत, परंतु ते रस्ता पूर्ववत करण्याच्या आणि नुकसानभरपाईच्या जबाबदारीसह दिलेले आहेत. नागरिकाने जागेवर तीन गोष्टी पाहाव्यात. परवानगीचा क्रमांक असलेला फलक लावला आहे का, चराची खोली व लांबी परवानगीएवढीच आहे का, आणि बुजवताना थर दाबले जात आहेत का. तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण नुसता भरलेला चर पहिल्या पावसात खचतो आणि मग तोच खड्डा म्हणून ओळखला जातो.

उपाय दोन आहेत. पहिला असा की महापालिकेने वर्षभरात करायच्या रस्त्यांची यादी सेवा कंपन्यांना आधी द्यावी आणि त्या रस्त्यांखालची कामे आधी उरकण्याची मुदत ठरवून द्यावी, त्यानंतर काही काळ खोदाईला परवानगी देऊ नये. दुसरा असा की नव्या रस्त्यात ठराविक अंतरावर आडवे पाइप टाकून ठेवावेत, म्हणजे पुढची केबल रस्ता न फोडता ओढता येते. हे आडवे पाइप रस्त्याच्या खर्चाच्या मानाने नगण्य किमतीचे असतात. तरीही ते टाकले जात नाहीत, कारण रस्त्याच्या निविदेत ती बाब नसते आणि ठेकेदाराने निविदेबाहेरचे काम का करावे?

११. खोदताना दुसऱ्याची वाहिनी फुटली तर?

नुकसान ज्याच्या खोदाईमुळे झाले, त्याने भरायचे असते. ते टाळण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले. त्यात खोदणाऱ्याने आधी नोंद केली, की त्या भागातील वाहिन्यांच्या मालकांना सूचना जाते. पोकलेन किंवा जेसीबी भाड्याने घेणाऱ्या विकसकाने चालकाला ‘हळू घे’ एवढेच न सांगता ही नोंद करून घ्यावी. पाण्याची वाहिनी फुटली तर एक गल्ली कोरडी राहते. गॅसची फुटली तर प्रकार वेगळा असतो.

१२. पाइपने येणाऱ्या गॅससाठी सोसायटीने काय करावे?

शहरी गॅस वितरणाचे अधिकार जिल्हानिहाय क्षेत्रांसाठी पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ देते आणि हे मंडळ २००६ च्या कायद्याने स्थापन झाले आहे. महापालिकेची भूमिका येथे रस्त्यातून वाहिनी नेण्याची परवानगी देण्यापुरती आहे, घरातल्या जोडणीचा दर किंवा वेळ ती ठरवत नाही. सोसायटीने सर्वसाधारण सभेत ठराव करून संमती द्यावी, इमारतीच्या बाहेरील भिंतीवरून जाणाऱ्या उभ्या पाइपची जागा वास्तुविशारदाकडून ठरवून घ्यावी आणि आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवायचे असतील, तर ते गॅसची वाहिनी टाकल्यानंतर बसवावेत. नवीन बांधकामात विकसकाने स्वयंपाकघराच्या भिंतीत आधीच बाही (पाइप जाण्यासाठीचे नळकांडे) सोडली, तर नंतर टाइल्स फोडाव्या लागत नाहीत.

१३. मोबाइल टॉवर आणि फायबर केबल यांना महापालिका नकार देऊ शकते का?

मनाला येईल तसा नकार देता येत नाही. दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील मार्गाधिकार नियम (वाहिन्या व टॉवरसाठी जागा वापरू देण्याचे नियम) १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत आणि त्यांत अर्जावर ठराविक मुदतीत, कारणांसह निर्णय देण्याचे बंधन सार्वजनिक संस्थांवर आहे. खासगी गच्चीवर टॉवर उभारण्यासाठी मात्र सोसायटीची संमती आणि इमारतीच्या मजबुतीचा दाखला आवश्यक आहे. विजेच्या खांबांवरून लोंबणाऱ्या केबलींचा प्रश्न निराळा आहे. त्यातल्या किती परवानगीच्या आहेत, हे खांबाखाली उभे राहून सांगता येत नाही. गणेशोत्सवात मूर्तीची उंची वाढली की त्या नजरेस येतात आणि विसर्जनानंतर पुन्हा विसरल्या जातात.

१४. पूररेषेजवळच्या जागेत बांधकाम आणि सेवा जोडण्या मिळतात का?

नदीकाठ आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा प्रतिबंधित आहे. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराशी जोडलेली असते. दोन रेषांमधील पट्ट्यात अटींसह बांधकाम करता येते आणि त्यात जोत्याची पातळी लाल रेषेच्या वर ठेवण्याची अट मुख्य आहे.

येथे केवळ परवानगीचा विचार पुरेसा नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर गेली. त्या दोन्ही वेळी उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्यामुळे पूर न आलेल्या भागांतही नळ बंद पडले आणि सुरक्षिततेसाठी अनेक भागांची वीज तोडावी लागली. म्हणजे इमारतीचे जोते उंच असले, तरी मीटर पॅनेल तळघरात आणि जमिनीखालची टाकी उघड्या झाकणाची असेल, तर त्या उंचीचा उपयोग नाही. पूरप्रवण भागात मीटरची खोली, जनरेटर आणि लिफ्टची यंत्रणा पहिल्या मजल्याच्या पातळीवर घेण्याचा आग्रह खरेदीदारांनी विकसकाकडे आणि विकसकाने वीज कंपनीकडे नकाशाच्या वेळीच धरावा. नंतर ते हलवणे जवळजवळ अशक्य असते.

१५. गुंठेवारीतील प्लॉटला या सेवा मिळतात का?

महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे लहान तुकडे पाडून झालेली वसाहत, नियमित करता येते. नियमितीकरणाचे शुल्क हे भविष्यात त्या वसाहतीला रस्ते, पाणी आणि गटार देण्यासाठी असते. अडचण अशी की अशा वसाहतींत घरे आधी होतात आणि रस्त्याची रुंदी नंतर शोधली जाते, त्यामुळे वाहिन्या टाकायलाच जागा नसते. घरफाळा भरला जातो, वीजमीटर लागलेला असतो, म्हणून बांधकाम अधिकृत झाले, असा समज येथे सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे.

१६. विकसक भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा देत आहे. घ्यावा का?

घेऊ नये. भोगवटा प्रमाणपत्र मिळवणे ही रेरा, म्हणजे स्थावर संपदा (नियमन व विकास) कायद्यानुसार प्रवर्तकाची, म्हणजे विकसकाची, जबाबदारी आहे. ते नसेल तर पाण्याची जोडणी तात्पुरती किंवा बांधकामाच्या दराने राहते, वीजही बांधकामाच्या मीटरवरून येते आणि त्याची थकबाकी पुढे सोसायटीच्या गळ्यात पडते.

१७. जाहिरातीत ‘२४ तास पाणी’ लिहिले होते. ते मिळत नाही. महापालिकेविरुद्ध तक्रार करावी की विकसकाविरुद्ध?

आश्वासन ज्याने दिले, त्याच्याविरुद्ध. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरील आणि आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पाची महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी आवश्यक आहे. चुकीच्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या खरेदीदाराला २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते. बांधकामातील आणि सेवांमधील दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिल्यास ते विनामूल्य दुरुस्त करण्याचे बंधन कलम १४ मध्ये आहे. गळणारी ड्रेनेजची वाहिनी किंवा सदोष पंप हे त्यात येते, हे फार थोड्या सोसायट्यांना ठाऊक असते.

महापालिकेचे पाणी मंजूर प्रमाणात येत नसेल, तर मात्र तक्रार आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात करावी. अशी कार्यालये गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट येथे आहेत. विजेसंबंधी तक्रार आधी कंपनीच्या अंतर्गत कक्षाकडे, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि तेथेही समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे नेता येते. अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपील करता येते. तक्रार तोंडी करू नये, पोचपावतीचा शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

१८. खासगी कंपनीच्या भागीदारीतून सेवा आणणे चांगले की वाईट?

कोल्हापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीने झाले, त्यावर टोल बसला, शहर रस्त्यावर उतरले आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. त्या अनुभवानंतर येथे कोणत्याही भागीदारीचा करार आधी दाखवा, असे लोक म्हणतात आणि ते योग्यच आहे. भागीदारी चांगली की वाईट हे करारातील तीन कलमांवरून ठरते: जुन्या वाहिन्या हलवण्याचा खर्च कोणाचा, कामाचा दर्जा कोण तपासणार आणि मुदत संपल्यावर यंत्रणा कोणत्या अवस्थेत परत मिळणार. माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर असा करार मागता येतो आणि त्यावर तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित आहे.

१९. ताबा घेताना सोसायटीने विकसकाकडून कोणते कागद घ्यावेत?

मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बहुतेक जण घेतात. बहुतेकांकडून राहतो तो सेवांचा प्रत्यक्षदर्शी नकाशा, म्हणजे कोणती वाहिनी प्रत्यक्षात कोठून, किती खोलीवरून गेली आहे याचे रेखाचित्र. त्यासोबत पाणी आणि ड्रेनेज जोडणीच्या परवानग्या, वीज कंपनीचे मंजुरीपत्र आणि रोहित्राच्या हस्तांतरणाचा कागद, अग्निशमन विभागाचा अंतिम दाखला, पंप व लिफ्टची हमीपत्रे आणि पर्जन्यजल यंत्रणेचा आराखडा घ्यावा. प्रत्येक वाहिनीचा मुख्य कॉक कोठे आहे, हे सोसायटीच्या दोन सदस्यांनी प्लंबरसोबत फिरून पाहावे आणि त्याचा फोटो सोसायटीच्या दप्तरात ठेवावा. विकसकाकडे तो प्रत्यक्षदर्शी नकाशा नसेल, तर भिंती आणि फरशा अजून उघड्या आहेत तोवर, शेवटचा हप्ता देण्यापूर्वी, तो तयार करून मागावा.